तारीख कुणाच्या बापाची?

दोस्तांनो, दिनदर्शिकेच्या बैठकीतून मी अर्ध्यात उठलो, कारण सूतगिरणीत रात्रपाळी होती. बोलायचं होतं ते पोटातच राहिलं. रात्रभर साच्याच्या आवाजात तेच डोक्यात फिरत होतं. म्हणून लिहितो.

भांडण १ फेब्रुवारीच्या चौकोनावरून झालं. आपल्या पोरांनी ठरवलंय, चळवळीची स्वतःची दिनदर्शिका काढायची. प्रत्येक तारखेखाली आपला इतिहास. आमच्या संगमेश्वरकडचा एक पोरगा म्हणाला, १ फेब्रुवारीला छापा, १६८९ साली छत्रपती संभाजीराजांना आपल्या गावात पकडलं. दुसरा उसळला. राजांच्या तारखा छापणारी कॅलेंडरं बाजारात काय कमी आहेत? तिसऱ्यानं मोबाईल काढून त्या दिवसाची जगाची यादी वाचायला घेतली, लिंकनची सही, पोर्तुगालच्या राजाचा खून, म्यानमारमधला लष्करी उठाव. जो तो आपलीच तारीख रेटत होता.

मी संगमेश्वर तालुक्यातला. शास्त्री नदीला सोनवी येऊन मिळते ते आमचं गाव. कसब्यात कर्णेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, सरदेसायांचा वाडा आहे. राजा त्या वाड्यात होता असं सांगतात. शाळेची सहल तिथंच जायची. मास्तर सांगायचे, पोरं ऐकायची, आम्ही मागं उभे राहून ऐकायचो.

घडलं ते असं. शेख निजाम ऊर्फ मुकर्रबखान कोल्हापूरकडून घाट उतरून अचानक संगमेश्वरावर आला. राजाजवळ माणसं थोडी. संताजी घोरपड्यांचे वडील म्हाळोजी लढता लढता पडले. राजा आणि कवी कलश जिवंत सापडले. राजाचं वय ३१. तिथून त्यांना औरंगजेबाच्या छावणीत बहादूरगडाला नेलं आणि अडतीस दिवसांनी भीमाकाठी हालहाल करून मारलं. फितुरी कुणी केली यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. त्यात मी शिरत नाही. मला फक्त तारखेचं बोलायचंय.

जेधे शकावलीत त्या दिवसाची नोंद आहे. माघ वद्य सप्तमी, शुक्रवार, शके १६१०. बस. '१ फेब्रुवारी' असं लिहिणारा माणूस तेव्हा संगमेश्वरात कुणी नव्हता. ही १ फेब्रुवारी पुढं इतिहासकारांनी हिशेब करून काढली, आणि तीही इंग्रजांच्या जुन्या कॅलेंडरनं. ते कॅलेंडर सूर्याच्या मागं पडत चाललं होतं. युरोपात पोपनं १५८२ सालीच ते दुरुस्त केलं, पण इंग्रज हट्टी. त्यांनी १७५२ पर्यंत जुनंच रेटलं आणि मग एका रात्रीत ११ दिवस गाळले. २ सप्टेंबरनंतर थेट १४. आज आपण भिंतीवर लावतो त्या कॅलेंडरनं मोजलं तर राजा पकडला गेला तो दिवस ११ फेब्रुवारी येतो. वार मात्र शुक्रवारच.

खोटं वाटत असेल तर चंद्राला विचारा. राजाला मारलं ती फाल्गुन अमावास्या. आपण सगळे ११ मार्च म्हणतो. पण आजच्या कॅलेंडरच्या ११ मार्च १६८९ ला आकाशात चंद्र होता, अमावास्येला अजून दहा दिवस होते. अमावास्या पडते २१ मार्चला. शिवजयंतीला तिथी की तारीख यावरून जे डोकी फोडतात, त्यांच्या १९ फेब्रुवारीचंही हेच. आजच्या मापानं १६३० सालची ती १ मार्च होते. आपल्या घरातही हे आहेच. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेतली तेव्हा दसरा होता. दसरा दरसाल सरकतो, १४ ऑक्टोबर जागेवर राहते, आणि आपली माणसं दोन्ही दिवशी दीक्षाभूमीवर जातात. कुणाचं काही बिघडत नाही.

रशियात तर १९१८ साली १ फेब्रुवारी झालीच नाही. लेनिनच्या सरकारनं हुकूम काढला आणि ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी उजाडली. तेरा दिवस गायब. गिरणीतल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो पगाराचा. ते असो. त्यांची ऑक्टोबर क्रांतीही मग नोव्हेंबरात साजरी व्हायला लागली.

म्हणजे मोबाईलवरची यादी वाचताना 'त्याच दिवशी' हा शब्दच फसवा आहे. संगमेश्वरचा तो शुक्रवार आणि लिंकनच्या सहीचा दिवस एका चौकोनात बसतात ते छापणाऱ्यानं बसवले म्हणून. नशिबानं नाही, ग्रहानं नाही. आपल्यातलेही काही तारखांचे योग जुळवून डोळे मोठे करतात. मग ज्योतिषात आणि आपल्यात फरक काय राहिला?

पण खोटं कशाला बोलू, एका जुळणीनं माझाही हात थांबला. अमेरिकेत गुलामी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती ३१ जानेवारी १८६५ ला तिथल्या प्रतिनिधीगृहात पास झाली. ३१ जानेवारीलाच १९२० साली 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. लिंकनची सही झाली दुसऱ्या दिवशी, १ फेब्रुवारीला. मग एकेक राज्य मंजुरी देत गेलं आणि पुरेशी राज्यं भरली कधी? ६ डिसेंबर १८६५. पुस्तकात ती तारीख दिसली आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. त्या दुरुस्तीत एक खुट्टी आहे तीही सांगतो. गुन्ह्याची शिक्षा म्हणून गुलामी चालेल, असं तिच्यातच लिहिलंय. मग दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्या माणसांना फालतू कारणावरून पकडायचं आणि कैदी म्हणून खाणीत, शेतावर भाड्यानं द्यायचं, असा धंदा केला. तरीही ती सही मोठीच. जोतीबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' त्या लढणाऱ्या अमेरिकनांनाच अर्पण केली.

सहीच्या त्या दिवसाचा सण कुणी केला? रिचर्ड राइट म्हणून एक माणूस होता, गुलामीत जन्मलेला. शिकला, म्हातारपणी बँक चालवली, आणि १ फेब्रुवारी हा स्वातंत्र्याचा दिवस मानावा म्हणून शेवटपर्यंत धडपडला. १९४७ साली गेला. दुसऱ्या साली त्यांच्या सरकारनं तो दिवस मान्य केला. तारीख अशी कुणीतरी खांद्यावर घेऊन चालावी लागते.

आणि खरी १ फेब्रुवारी मला वाटते ती १९६० ची. ग्रीन्सबरो नावाचं अमेरिकेतलं शहर. कॉलेजातली चार काळी पोरं, एझेल ब्लेअर, फ्रँकलिन मॅकेन, जोसेफ मॅकनील, डेव्हिड रिचमंड. वय आपल्याहून कमी. वूलवर्थच्या दुकानात शिरली, किरकोळ सामान घेतलं, पैसे दिले. काळ्याचे पैसे दुकानाला चालत होते. मग त्याच दुकानातल्या खाण्याच्या टेबलाशी जाऊन बसली आणि कॉफी मागितली. तिथं काळ्यानं बसायचं नाही असा नियम. कॉफी दिली नाही. पोरं उठली नाहीत. दुकान बंद होईपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी वीसबावीस जण आले, पाचव्या दिवशी तीनशेच्या आसपास. दुकानदार जुलैत वाकला. २५ जुलैला त्या टेबलावर पहिल्यांदा काळी माणसं जेवली, ती त्याच दुकानात राबणारी नोकर माणसं होती.

आमचा आजा सांगायचा, एस्टी थांब्याजवळच्या हाटेलात चहाचे पैसे खाली ठेवायचे आणि करवंटीत वरून चहा ओततील तो बाहेर बसून प्यायचा. पैसे चालायचे, कप चालायचा नाही. हे ऐकलेल्या माणसाला ग्रीन्सबरो समजावून सांगावं लागत नाही. आणि आमच्याकडे तर ते आधी होऊन गेलंय. आमच्या रत्नागिरीला लागूनच महाड, २० मार्च १९२७. तळं खुलं करायचा ठराव कायदे कौन्सिलात १९२३ सालीच झाला होता, नगरपालिकेनंही केला होता. कागदावर पाणी होतं. ओंजळीत घ्यायला चालत जावं लागलं.

तोच आजा परळला गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. १ फेब्रुवारीला संपाचा पंधरावा दिवस. अडीच लाख माणूस बाहेर. आजा ट्रंक घेऊन गावाला आला तो काही दिवसांसाठी. तो संप रीतसर मागं घेतलाच गेला नाही, आणि आजा काही परत गेला नाही. त्या १ फेब्रुवारीला काय घडलं? कुठल्याच यादीत काही नाही. आज्यानं दाराचा कुडण बांधला असेल, नाहीतर नदीवर गेला असेल.

आता राजाची तारीख आपली का, हा प्रश्न. रागावणाऱ्या मित्राचा राग मला कळतो. संगमेश्वरात धरलेल्या त्या राजाची समाधी वढू बुद्रुकला आहे, आणि शेजारी गोविंद गोपाळांची. छिन्नविच्छिन्न देह गोळा करून अंत्यसंस्कार त्या महार माणसानं केला, ही आपल्या लोकांनी सांभाळलेली परंपरा. दुसरे लोक दुसरी नावं घेतात. डिसेंबर २०१७ च्या अखेरीला त्या समाधीजवळच्या फलकावरून तिथं पेटलं, आणि तीन दिवसांनी, १ जानेवारी २०१८ ला, भीमा कोरेगावच्या स्तंभाकडे निघालेल्या आपल्या माणसांवर दगड पडले. त्या वर्षी १८१८ च्या लढाईला बरोबर २०० वर्षं होत होती. म्हणजे संगमेश्वरच्या त्या शुक्रवारापासून निघालेली वाट वढूवरून आपल्या डोक्यावरच्या दगडापर्यंत येते. ती दुसऱ्याला कशी देऊन टाकायची? म्हणून मी म्हणतो, छापा. पण नुसती १ फेब्रुवारी नको. माघ वद्य सप्तमी, शुक्रवार हेही छापा, आजच्या मापानं ११ फेब्रुवारी हेही छापा. खाली ग्रीन्सबरोच्या त्या चार पोरांची नावं घाला. त्याखाली '१९८२, संपाचा पंधरावा दिवस'.

आता शेवटची गोष्ट. गोविंद गोपाळांची जन्मतारीख कुणाला माहीत नाही. फ्रेडरिक डग्लस एवढा मोठा माणूस, गुलामीत जन्मला, त्यालाही स्वतःची तारीख माहीत नव्हती. त्यानं १४ फेब्रुवारी आपणच ठरवून घेतली. माझ्या बापाचं विचारलं तर आजी म्हणायची, "तारीख काय म्हायत? भाताची कापणी चाललेली, तवा झाला." कापणी म्हणजे ऑक्टोबर. शाळेच्या दाखल्यावर बापाची तारीख १ जून आहे. मास्तरनं टाकली. चुलत्याची १ जून, मावशीची १ जून, आमच्या वाडीतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांची १ जून. महाराष्ट्रभर असंच. सरकारी नोकरीत लागलेली आपली माणसं ३१ मेला घोळक्यानं रिटायर होतात ती त्यामुळंच.

तेव्हा दिनदर्शिकेत १ जूनचा चौकोन मोकळा ठेवा, मोठा ठेवा. वाडीवाडीतून नावं गोळा करायचं काम मी घेतो, पुढच्या सुट्टीला संगमेश्वरापासून सुरू करतो. एका पानात मावणार नाहीत, आत्ताच सांगून ठेवतो. स्टेन्सिल जास्तीचं लागेल, त्याचे पैसे माझ्या पगारातून घ्या.