श्रोत्यांचा आवाज

कुंभकोणमजवळ मरुदानल्लूर हे गाव आहे. तंजावरच्या मराठी राज्याच्या उत्तरकाळात तेथील सद्गुरुस्वामींनी नामसंकीर्तनाला पद्धती घालून दिली. भागवताने चरण म्हणावा, सभेने तो उचलून धरावा. या परंपरेत तमिळ, तेलुगू पदांच्या जोडीला मराठी अभंगही गायिले जातात. श्रोता तेथे गायक झाला. पण क्रम ठरलेला असल्याने त्याचा गोंगाट झाला नाही.

वृत्तपत्रांतही असेच घडले. १८४८ पासून गोपाळ हरी देशमुखांनी ‘लोकहितवादी’ या नावाने ‘प्रभाकर’ पत्रात शंभरावर पत्रे लिहून समाजाला खडसावले. ती पत्रे लोकांपुढे येत, ती मात्र संपादक भाऊ महाजनांच्या हातून.

आज समाजमाध्यमांमुळे प्रत्येकजण बातमीदार झाला आहे. आडगावचे गाऱ्हाणे क्षणात राजधानीत पोहोचते, हा लाभ मोठाच. पण मधला संपादक नाहीसा झाला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेपायी जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. ती अफवाही अनेकांनी उचलूनच धरली होती.

आवाज सर्वांना मिळाला. पद्धती अद्याप घडावयाची आहे. तोवर चरण उचलण्यापूर्वी तो पारखून घेणे, हे संपादकाचे काम आता प्रत्येक श्रोत्याकडे आले आहे.