कसबाची दारे

मुंबईत ताडदेव येथे कावसजी नानाभाई दावर यांची पहिली सूतगिरणी १८५६ साली चालू झाली, तेव्हा यंत्रे विलायतेहून आली आणि ती बसविणारे जाणकारही तिकडूनच आले. पण पुढे गिरण्या वाढल्या आणि त्या यंत्रांपाशी उभे राहिलेले हात बहुतांशी कोकणातले व घाटावरचे होते. त्या हातांना काम कोणी शिकविले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आमचे आयुष्य कामगारांत गेले असल्यामुळे आम्हांला तोच पहिल्याने सुचतो.

शिकविले ते जॉबरने, चुलत्याने किंवा गाववाल्याने. नवा पोरगा नातलगाच्या साच्यापाशी उभा राही, तुटलेला धागा सांधावयास शिके, आणि हात बसला की बदलीवर लागे. या पद्धतीचे गुणगान पुष्कळ होते आणि ते अगदीच खोटे नाही. फुकट शिकलेले ते कसब पक्के असे. परंतु जिथे प्रवेश नात्याने मिळतो तिथे नाते नसलेला बाहेर राहतो. गिरणीत साचेखात्याची मजुरी चांगली. तिथे कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावे लागे. एवढ्याच कारणावरून, विटाळाच्या नावाखाली, अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखाते बंद होते. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. मालकाशी चार हात करणारी आमची चळवळ आपल्याच माणसांशी हा वाद घालताना मात्र कचरली. हे आम्ही युनियनचे असूनही, किंबहुना असल्यामुळेच, येथे सांगतो.

दुसरीकडे शाळा निघत होत्या. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. ती १९२३ मध्ये माटुंग्यास गेली आणि १९९७ पासून वीरमाता जिजाबाईंचे नाव धारण करून आहे. तिने देशी अधिकारी व अभियंते घडविले, हे ऋण मोठेच. पण तेथील विद्या इंग्रजीत होती. ज्याने दहा वर्षे साचा चालविला त्याला तिच्या दारात शिरता येत नव्हते, आणि जो आत शिरला त्याला साचा चालविण्याची गरज उरत नव्हती.

ही भिंत फोडण्याचा एक विलक्षण प्रयत्न बडोद्यास झाला. महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी १८९० साली कलाभवन काढले. गज्जर रसायनशास्त्राचे अध्यापक. (मुंबईतील राणीच्या पुतळ्याला चाफेकरांनी फासलेले डांबर पुढे याच गृहस्थांनी उतरविले, शास्त्राला राजकारण नसते म्हणतात ते असे!) त्यांचा आग्रह असा की, रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम हे सर्व देशी भाषेतून शिकविले पाहिजे. आता देशी भाषेत तशी पुस्तके नव्हती, शब्दही नव्हते. म्हणून त्यांनी पारिभाषिक कोशाचे आणि पुस्तकमालेचे काम हाती घेतले. शाळेआधी शब्द हवेत, हे ओळखणारा माणूस आम्हांला मोठा वाटतो. पण १८९६ मध्ये गज्जर बडोदे सोडून गेले, आणि त्यांचे मूळ स्वप्न मागे पडले. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले होते, एवढे मात्र लोकांच्या स्मरणात राहिले.

स्वातंत्र्यानंतर सरकारने १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना काढली, ठिकठिकाणी आय. टी. आय. झाल्या, आणि १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. शाळा आणि कारखाना यांची गाठ कायद्याने बांधली, नात्यागोत्याची मक्तेदारी सैल झाली. मोठेच काम! पण त्या कायद्याचे अठरावे कलम सांगते की उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. म्हणून कामगारांचे कायदे त्याला सर्वसाधारणपणे लागू नाहीत. बाविसावे कलम सांगत असे की मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, इतर गोष्टी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला पसंती द्यावी, असे सांगितले. २०१४ च्या दुरुस्तीने भरतीचे धोरण मालकानेच ठरवावे असे म्हटले.

या कलमांचा अर्थ आम्हांला वाचण्याआधी कळला होता. दहावीनंतर आम्ही एका कारखान्यात उमेदवार म्हणून लागलो. पहिले काही आठवडे झाडलोट केली. मग एका वृद्ध टर्नरच्या हाताखाली लेथवर उभे राहिलो. नुसत्या आवाजावरून त्यांना हत्याराची धार गेल्याचे कळे. नकाशा मात्र वाचता येत नसे. तो आम्ही रात्री जुन्या पुस्तकावरून शिकलो आणि दिवसा त्यांना वाचून दाखवू लागलो. "तू माप सांग, मी हात सांगतो," असे ते म्हणत. तीन महिन्यांत आम्ही पूर्ण पाळीचे उत्पादन देऊ लागलो. हाती पडे ते विद्यावेतनच. मुदत संपली त्या दिवशी साहेबांनी प्रमाणपत्र दिले आणि हात मिळविला. दुसऱ्या दिवशी आमच्या लेथवर नवा उमेदवार होता. त्याला हत्यार धरावयास शिकविण्याचे काम पुन्हा त्याच म्हाताऱ्यांकडे आले, आणि नकाशा वाचून दाखविणारा त्यांना पुन्हा नव्याने शोधावा लागला.