तेलाचा पापुद्रा आणि तबकडीचा षड्ज

भिवंडीजवळच्या पूर्णा गावाच्या परिसरात आज गोदामांच्या रांगा दिसतात. पण भिवंडीचे नाव घेतले की पहिल्यांदा आठवते ती यंत्रमागांची खटखट. मागाच्या बेअरिंगमध्ये बुधलीने तेल सोडणारा कामगार जे करतो, तेच ग्रामोफोन दुरुस्त करणारा कारागीरही करतो. दोघांनाही ते हातवळणाने येते. परंतु तेलाचा तो थेंब आत जाऊन नेमके काय करतो, हे १८८० पर्यंत कोणालाच नीट ठाऊक नव्हते, असे वर्गात सांगितले तर विद्यार्थ्यांना नवल वाटेल. बैलगाडीच्या आसाला वंगण घालण्याची रीत किती जुनी! त्याचा खुलासा मात्र बोरीबंदर-ठाणे आगगाडी (१८५३) सुरू झाल्यानंतर तीस वर्षांनी झाला.

तो झाला एका अडचणीतून. इंग्लंडमध्ये बोशां टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसांसारख्या बेअरिंगमधील घर्षण मोजत होता. चार इंच व्यासाचा दांडा, त्यावर वरच्या बाजूने टेकलेले पितळी बेअरिंग आणि दांड्याचा खालचा भाग तेलात बुडालेला, अशी मांडणी होती. वरून तेल घालता यावे म्हणून त्याने बेअरिंगला मधोमध भोक पाडले. दांडा फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर आले! टॉवरने बूच बसवले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. शेवटी त्याने तिथे दाबमापक जोडला. बेअरिंगवरील भार चौरस इंचाला सरासरी १०० पौंड होता आणि दाबमापकाचा काटा २०० च्या पुढे गेला. म्हणजे बेअरिंग दांड्यावर टेकलेलेच नव्हते. ते तेलावर तरंगत होते.

हा वृत्तान्त १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचे गणित मांडले. दांडा बुशमध्ये अगदी मध्यावर नसतो, किंचित बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे दोघांमधील फट एका बाजूला निमुळती होते. फिरणारा दांडा चिकट तेलाला त्या निमुळत्या फटीत ओढतो, तेलाला जागा पुरत नाही आणि दाब चढतो. दांडा जितका वेगाने फिरेल आणि तेल जितके दाट असेल, तितका पापुद्रा जाड. भार वाढला की तो पातळ.

आता टर्नटेबलकडे वळू. लाँगप्ले तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. खालचा दांडा ७ मिलिमीटर व्यासाचा धरला, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला जेमतेम सव्वा सेंटिमीटर भरतो. टॉवरच्या दांड्याचे फेरे मिनिटाला ३०० धरले, तर तोच वेग १६० सेंटिमीटर होतो. इतक्या मंद दांड्याखाली पापुद्रा तयार होणे अवघडच. बाजूचा भार कमी असल्यामुळे निभावून जाते. खरी झीज होते ती तळाशी. तिथे दांडा बहुधा सायकलच्या छर्‍यासारख्या एका पोलादी गोळीवर उभा असतो आणि जागच्या जागी फिरतो. निमुळती फट नाही, मग तेलाला आत ओढणार कोण? तिथे रक्षण करतो तो धातूला चिकटून राहिलेल्या रेणूंचा थर. विल्यम हार्डी आणि आयडा डबलडे यांनी १९२२ मध्ये अशा वंगणाचा वेगळा विचार मांडला.

म्हणून तेलाची निवड महत्त्वाची. घरात हाताशी खोबरेल असते, पण ते २४-२५ अंशांना थिजते. डिसेंबरातल्या पहाटे टर्नटेबल सुस्तावले तर दोष मोटारीचा नव्हे. जवसाचे तेल तर हवेतील ऑक्सिजन घेऊन वाळते आणि त्याचा रोगणासारखा थर बनतो. रंगकामाला तो गुण, बेअरिंगला शाप. शिलाई यंत्राचे खनिज तेल वाळत नाही, पण काही यंत्रांना ते फार पातळ पडते. ग्रीस की तेल, यावर कारखान्यांचेही एकमत नव्हते: गॅरार्ड कंपनीच्या १९५४ च्या ३०१ या प्रसिद्ध टर्नटेबलात आरंभी ग्रीस असे, पुढे त्याच यंत्रात तेल आले. आणखी एक सावधगिरी. काही बुश ब्राँझची भुकटी दाबून व तापवून केलेले असतात. त्यांच्या बारीक छिद्रांत तेल मुरवलेले असते. ते रॉकेलने खळखळून धुतले की मुरलेले तेलही निघून जाते आणि बुश कोरडा पडतो.

चावीच्या ग्रामोफोनमध्ये तर वंगणाचा थेट सुरांशी संबंध येतो. तिथे वेग आवरतो गव्हर्नर. स्प्रिंगचा जादा जोर तो घर्षणाने जिरवतो. बेअरिंग कोरडे पडले आणि स्प्रिंगमधले ग्रीस घट्ट झाले की जादा जोर उरतच नाही, आणि मग गव्हर्नर काय करणार? तबकडी ७८ ऐवजी साधारण ७३½ फेर्‍यांवर आली की सगळे गाणे अर्ध्या सुराने उतरते. काळी एकचा गायक पांढरी एकमध्ये गायल्यासारखा वाटतो.

ही गोष्ट किरकोळ नाही. भारतातले तबकड्यांचे ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू झाले. त्यानंतरच्या अर्धशतकात बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांचे तरुण आवाज याच लाखेच्या तबकड्यांत साठले. कोण कोणत्या पट्टीत गात असे, हे त्यांवरून ठरवताना आधी यंत्राचा वेग तपासायला हवा. माझ्या मते हे न करता काढलेले निष्कर्ष बाजूलाच ठेवावेत. शिवाय सुरुवातीच्या तबकड्यांचा ध्वनिमुद्रणाचा वेगही एकसारखा नसे, तो हिशेब वेगळाच.

वेग तपासणे शाळेत सहज जमते. जुन्या चोकवाली ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणजे मिनिटाला ६००० वेळा. गोल पुठ्ठ्यावर समान अंतराने १८० काळ्या रेघा आखून तो टर्नटेबलवर ठेवावा. वेग बरोबर ३३⅓ असेल तर रेघा स्थिर दिसतील. मागे सरकल्या तर यंत्र मंद आहे. ७८ साठी ६००० भागिले ७८ म्हणजे ७६.९ येतात, अपूर्ण रेघ आखता येत नाही म्हणून ७७ आखतात, आणि प्रत्यक्ष वेग ७७.९२ भरतो. बर्‍याच एलईडी दिव्यांखाली हा प्रयोग फसतो, तेव्हा अडगळीतली जुनी ट्यूब शोधून ठेवावी. तेल घालण्याआधी एकदा आणि घातल्यावर एकदा रेघा पाहिल्या, तर थेंबाने काय केले ते डोळ्यांना दिसते.