स्विस राष्ट्रीय उद्यान

स्वित्झर्लंडच्या पूर्व टोकाला, एंगाडिन खोऱ्यात वसलेले आल्प्समधील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. स्थापना १ ऑगस्ट १९१४. क्षेत्रफळ सुमारे १७० चौ. किमी. माहितीकेंद्र त्सेर्नेट्स गावात आहे.

हे अरण्य मुळीच अनाघ्रात नव्हे. लोखंडाच्या भट्ट्यांसाठी आणि टायरोलमधील हाल येथे खारे पाणी आटवून मीठ काढण्यासाठी इथले पाइन वृक्ष पूर्वी सर्रास तोडले गेले. आज मात्र वादळाने आडवे झालेले झाडही जागीच कुजू दिले जाते.

नियम कडक आहेत. आखलेली पायवाट सोडायची नाही, फूल तोडायचे नाही, साखळीला बांधलेले कुत्रेही आणायचे नाही. हिवाळ्यात तर उद्यानच बंद. जीपमधून वाघ शोधणाऱ्या आपल्याकडच्या पर्यटकाला हे जाचक वाटेल. पण माणसे वाटेवरच राहतात हे प्राण्यांनाही ठाऊक झाले आहे, म्हणून ते भरदिवसा उघड्यावर चरतात. धोका दिसताच खारीच्या कुळातला मार्मोट तीक्ष्ण शीळ घालतो आणि सारी टोळी बिळात गडप होते. सप्टेंबरअखेरीस ट्रुपखुन खोरे तांबड्या हरणांच्या नरांच्या डरकाळ्यांनी दणाणते, दुर्बीण हवीच.

शिकारीमुळे देशातून नामशेष झालेला आयबेक्स हा रानबोकड इथे १९२० मध्ये पुन्हा सोडण्यात आला. हाडे खडकावर आपटून फोडणाऱ्या दाढीवाल्या गिधाडाची पिल्ले १९९१ पासून सोडली गेली. १९०४ मध्ये देशातले शेवटचे अस्वल याच परिसरात मारले गेले होते. २००५ मध्ये इटलीकडून एक अस्वल आपणहून चालत आले.