सदाफुलीचं इंजेक्शन

आपल्या दारातली सदाफुली मूळची मादागास्करची. जमैकातले लोक तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. १९५२ साली ती पानं कॅनडात डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोचली. उंदरांना काढा पाजला, साखर काही उतरेना. मग अर्क टोचला, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटून उंदीर जंतुसंसर्गानं मेले. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता! नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५८पर्यंत त्यातून विनब्लास्टिन वेगळं काढलं. ते पेशींचं विभाजन थांबवतं. पुढे फ्रान्समध्ये पिअर पोतिए यांनी याच झाडातल्या द्रव्यांपासून विनोरेलबिन बनवलं. १९८९ला तिथे फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. ते शिरेतून देतात. पांढऱ्या पेशी तेही घटवतं, म्हणून डोसाआधी रक्त तपासतात. शुगरसाठी काहीजणी रोज सदाफुलीची पानं चावतात ना, त्यांचं रक्त मात्र कुणी तपासत नाही.