पिनपिनची पाठमाला

राज्यकर्त्यांची भाषा शिकावी की तिच्यापासून दूर राहावे, हा प्रश्न परतंत्र समाजापुढे कधी ना कधी उभा राहतोच. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी घोटणाऱ्या आपल्या वाडवडिलांपुढेही तो होता. परंतु त्यांच्या कितीतरी आधी, १६१० साली, फिलिपाइन्समधील एका मुद्रकाने आपल्या बांधवांना स्पॅनिश यावे म्हणून त्यांच्याच टागालोग भाषेत पुस्तक लिहिले होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही.

ह्या मुद्रकाचे नाव टोमास पिनपिन. तो बातान प्रांतातील आबुकाय गावचा. त्याच साली फ्रान्सिस्को ब्लांकास दे सान होसे ह्या धर्मोपदेशकाचे टागालोग व्याकरण त्याने छापले होते. अर्थात एकाच वर्षी दोन पुस्तके निघाली : एक, स्पॅनिश पाद्र्याला टागालोग यावी म्हणून, दुसरे, टागालोग माणसाला स्पॅनिश यावी म्हणून. तुम्ही कास्तिलियन लोकांचा पेहराव उचलता, त्यांची शस्त्रे मिरवता. मग भाषाच तेवढी का सोडता, असे पिनपिन आपल्या वाचकांस विचारतो. पुढे नित्याचे शब्द, वाक्ये आणि पाठ करण्यास गाणी, ज्यांत टागालोग शब्दांच्या जोडीला त्यांचा स्पॅनिश अर्थ येतो. अडचणी थोड्या नव्हत्या. टागालोगमध्ये ‘फ’ हा स्पॅनिश उच्चार नव्हता, म्हणून ‘फेलिपे’चे ‘पिलिपे’ होई. मेज स्त्रीलिंगी आणि पुस्तक पुल्लिंगी का, हे कोडे तर ज्या भाषेत नामांना व्याकरणातील लिंगच नाही, तिच्या लेकरांना चमत्कारिकच वाटले असेल.

मग सारा देश स्पॅनिश का शिकला नाही? इंडीजच्या वसाहतींतील प्रजेवर स्पॅनिशची सक्ती करावी, अशी सूचना १५९६ साली पुढे आली असता दुसऱ्या फिलिपने ती नाकारली. स्वेच्छेने शिकू इच्छिणाऱ्यांना मात्र शिक्षक द्यावेत, असे त्याने सांगितले. १७७० साली तिसऱ्या कार्लोसने उलट, सर्वत्र स्पॅनिशच चालावी असे फर्मावले. दोन्ही आज्ञांचे फळ बेटांवर बेताचेच आले. स्पॅनिश माणसे थोडी, बेटे असंख्य, बोली अनेक, हे एक कारण. दुसरे अधिक नाजूक आहे. पाद्र्यांनी लोकभाषा कष्टाने आत्मसात केल्या होत्या, आणि प्रजा व अधिकारी यांमधला दुवा तेच होते. दुभाष्याचे महत्त्व दोन्ही पक्षांच्या अज्ञानावर टिकते. ते अज्ञान दूर करण्याची उतावीळ त्याला कशी असावी?

१८६३ च्या राजाज्ञेने गावोगावी प्राथमिक शाळा आणि त्यांत स्पॅनिशचे शिक्षण ठरले. तरीही होसे रिझाल ह्यांच्या १८९१ च्या ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ कादंबरीतील विद्यार्थ्यांना स्पॅनिशच्या अभ्यासमंदिरासाठी परवानगीची याचना करावी लागते. आणि अखेर ते पाद्र्यांच्याच हाती जाऊन विद्यार्थ्यांकडे वर्गणी गोळा करण्याचे काम तेवढे उरते. ह्याच कादंबरीतील सिमोन मात्र त्यांच्या धडपडीचा धिक्कार करतो : जो समाज स्वतःची भाषा राखतो तोच आपल्या स्वातंत्र्याची खूण राखतो, असे त्याचे म्हणणे. ह्या वादात रिझाल कोणाच्या बाजूचे? हा धिक्कारही त्यांनी लिहिला तो स्पॅनिशमध्येच, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचा पीळ ध्यानात येतो.

त्या पिळाची अखेर विलक्षण झाली. १२ जून १८९८ रोजी फिलिपिनो लोकांनी स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केले, ते स्पॅनिश भाषेत. १८९९ चे मालोलोसचे संविधानही स्पॅनिशमध्येच. जी विद्या हात आखडून वाटली, तीच मूठभर सुशिक्षितांच्या हाती शस्त्र ठरली. पण ती मूठभरांचीच राहिल्यामुळे, पुढे अमेरिकेने शाळांतून इंग्रजी आणताच तिचा पाया ढासळला. १९८७ च्या संविधानात स्पॅनिशला अधिकृत भाषेचे स्थान उरले नाही. तिचा प्रसार ऐच्छिक असावा, एवढेच म्हटले आहे.

‘ऐच्छिक’! जवळजवळ चार शतकांपूर्वीच्या राजाचाच हा शब्द. परभाषा हुकमाने येत नाही आणि नकाराने अडतही नाही. ती शिकणाऱ्याच्या गरजेने आणि हौसेने येते. राजांच्या आज्ञा दप्तरांत पडून राहिल्या. आबुकायच्या मुद्रकाने मात्र खिळे जुळवून आपल्या माणसांसाठी एक दार किलकिले केले. परभाषेचा अभ्यास करताना स्वभाषा टाकावी लागत नाही, हे त्याचे टागालोगमध्ये लिहिलेले स्पॅनिशचे पुस्तकच सांगते.