नंतर येणाऱ्यांचं गाव

२०१८च्या ऑक्टोबरमध्ये म्युनिकच्या ऑलिम्पिक गावातल्या एका बंगल्याची किल्ली माझ्या हातात पडली. एका सत्रापुरता एक्स्चेंज विद्यार्थी म्हणून मी पुण्याहून तिथल्या तांत्रिक विद्यापीठात गेलो होतो. कागदपत्रांवर जागेचा प्रकार 'बंगला' असा लिहिला होता आणि आईने ही बातमी जायच्या आधीच शेजारीपाजारी सांगून टाकली होती. प्रत्यक्षात तो बंगला जेमतेम तीन मीटर रुंदीचा होता. खाली न्हाणीघर आणि दोन शेगड्यांचा ओटा, मग एक अरुंद जिना, वर खाट, टेबल आणि सतरंजीएवढी गच्ची. असे हजारावर बंगले चाळीच्या खोल्यांसारखे एकमेकांना चिकटून, ओळीने उभे होते. मधल्या बोळांतून दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकाला थांबावं लागे.

पहिले पंधरा दिवस कागदांत गेले. नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद न्यायचा. पत्ता नोंदला आणि लगेच सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र आलं: तेव्हा दरमहा १७.५० युरो, घरात टीव्ही असो वा नसो. काच कुठे टाकायची, कागद कुठे, भाजीची देठं कुठे, हे शेजारच्या मुलीने एकदा सोबत येऊन दाखवलं. थंडीतही दिवसातून दोनतीनदा खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर भिंतीला बुरशी धरते, हेही तिनेच सांगितलं. माझ्या कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक बाहेर आले होते. नंतर डाळीचा वास त्यांच्या सवयीचा झाला.

त्या वस्तीत एक छान रीत आहे. आपल्या बंगल्याची दर्शनी भिंत आपण रंगवू शकतो. कुणी लाटा काढलेल्या, कुणी कार्टून, कुणी आपल्या देशाचा नकाशा. माझ्या भिंतीवर आधीच्या कुणीतरी निळा देवमासा काढून ठेवला होता. तो कोण, कुठला, मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण रोज संध्याकाळी यू-थ्रीच्या ऑलिम्पिक स्थानकावर उतरून घरी येताना तो मासा दिसला की आलो एकदाचा, असं वाटायचं. खोली आपली होत जाते ती अशी, दुसऱ्या कुणाच्या खुणांवरून.

मग हळूहळू त्या दुसऱ्यांबद्दल कुतूहल वाटू लागलं.

ही जागा म्हणजे मुळात ओबरविझनफेल्ड नावाचं मैदान. आधी लष्कराच्या कवायतीचं, मग विमानतळाचं. सप्टेंबर १९३८ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन हिटलरशी म्युनिक करार करायला आले ते इथेच उतरले. महायुद्धात शहरावर बॉम्ब पडले, त्या पडक्या घरांचा राडारोडा इथे आणून टाकला गेला. आज ज्या हिरव्या टेकडीवर मुलं पतंग उडवतात ती ऑलिम्पिक टेकडी म्हणजे तो ढिगारा. १९६६ मध्ये म्युनिकला १९७२चं ऑलिम्पिक मिळालं तेव्हा जर्मनांना जगाला एकच गोष्ट दाखवायची होती: हे १९३६चं बर्लिन नाही. म्हणून लाल-काळ्याऐवजी फिके निळे-हिरवे रंग आले, कुंपण बुटकं ठेवलं, पहारेकरी बिनहत्यारी आणि आकाशी कपड्यांतले. खेळांचं बिरूदच 'आनंदी खेळ' असं होतं.

गाव बांधतानाच हिशेब पक्का होता. खेळ पंधरा-सोळा दिवसांचे, घरं पुढच्या पन्नास वर्षांची. मोठ्या गच्च्यागच्च्यांच्या इमारती नंतर कुटुंबांना विकायच्या होत्या. बायकांसाठी वेगळा, कुंपणाआडचा भाग होता. तिथले सुमारे ८०० बंगले आणि शेजारचा उंच मनोरा नंतर विद्यार्थ्यांना द्यायचा होता. म्हणजे वेर्नर विर्झिंग या वास्तुरचनाकाराने माझा बंगला आखला तो आखतानाच डोळ्यांसमोर विद्यार्थी होते. खेळाडू तिथे पाहुण्या होत्या, खरे रहिवासी आम्ही. मनोऱ्याजवळच्या रस्त्याला हेलेन मायर हिचं नाव आहे. वडील ज्यू असलेली ही तलवारबाज १९३६ मध्ये हिटलरच्या जर्मनीकडून खेळली, रौप्यपदक मिळवलं आणि पदकाच्या चौथऱ्यावर उभं राहून नाझी सलाम केला. त्या रस्त्यावरून मी दूध आणायला जायचो.

शेजारच्या रस्त्याचं नाव कॉनोली. १८९६ साली आधुनिक ऑलिम्पिकचा पहिला विजेता ठरलेला अमेरिकन. मी सकाळी पळायला जायचो ती वाट याच रस्त्यावरून होती. महिनाभर ३१ नंबरच्या घरासमोरून पळालो. दारापाशी एक दगडी फलक आहे आणि त्यावर काही गोटे ठेवलेले असतात, एवढं दिसायचं. कानात गाणी असायची. एके दिवशी बुटाची नाडी सुटली म्हणून थांबलो आणि फलकावर दोन लिप्यांत कोरलेली नावं वाचली. जर्मन आणि हिब्रू.

५ सप्टेंबर १९७२च्या पहाटे 'ब्लॅक सप्टेंबर' या पॅलेस्टिनी संघटनेचे आठजण ट्रॅकसूट घालून ते बुटकं कुंपण चढून आत आले आणि या घरात शिरले. इस्रायली संघातल्या दोघांना तिथेच मारलं, नऊजणांना ओलीस धरलं. पोलीस छपरावरून चढाई करायच्या बेतात होते, पण ते सगळं टीव्हीवर थेट दिसत होतं आणि खोल्यांमध्ये टीव्ही होते. बेत सोडून द्यावा लागला. रात्री ओलिसांना फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळावर नेलं आणि तिथे सुटकेचा प्रयत्न पूर्ण फसला. नऊही ओलीस मेले, एक जर्मन पोलीस आणि पाच हल्लेखोर मेले. दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली आणि खेळ पुढे सुरू झाले.

त्या संघातली धावपटू एस्तेर शाहामोरोव बायकांच्या भागात, म्हणजे आमच्या वस्तीत राहत होती. १०० मीटर अडथळा शर्यतीच्या उपांत्य फेरीत ती पोचली होती. मारल्या गेलेल्यांत तिचे प्रशिक्षक अमित्सुर शपीरा होते. ती ती शर्यत धावली नाही.

त्या दिवसापासून त्या घरावरून जाताना मी गाणी बंद करू लागलो. बाकी काही केलं नाही. काय करणार? सत्राचे पेपर होते, कोड लिहायचा होता, संध्याकाळी विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या बिअरखान्यात पाळी असायची. लोक तिथे राहतात, भांडी घासतात, प्रेमात पडतात. ३१ नंबरच्या घरातही पुढे पाहुणे संशोधक राहायला आले. याचा मला आधी राग आला होता. नंतर वाटलं, घर कुलूप लावून ठेवलं असतं तर त्या नावांसमोर रोज कोण थांबलं असतं?

हे सगळं मी फोनवर बाबांना सांगत होतो तेव्हा ते म्हणाले, "ते सगळं खरं. पण तू राहतोस ते गाव म्हणजे आपले पेटकर जिथं राहिले तेच का रं?"

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. मुरलीकांत पेटकर पेठ-इस्लामपूरकडचे. त्याच वर्षी, २०१८ मध्ये, त्यांना पद्मश्री मिळाली होती आणि बाबांनी पेपरातलं कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. बाबांच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर आणि कुबडी यांच्या आधारावर त्यांनी शाळेत कारकुनी केली. लष्करातला मुष्टियोद्धा, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेला, आणि १९७२ मध्ये ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून देणारा माणूस आपल्या तालुक्याकडचा निघावा, याचा त्यांना कोण अभिमान.

"तेच असणार बाबा," मी म्हणालो. "१९७२, जर्मनी. इथंच." आणि मग खात्री करायला बसलो.

इथं नव्हतं. पेटकर म्युनिकला नाही, हायडेलबर्गला पोहले. रेल्वेने तिथून साधारण तीन तास दूर. अपंगांचे ते जागतिक खेळ, ज्यांना आज आपण पॅरालिम्पिक म्हणतो, ऑगस्टच्या पूर्वार्धात, ऑलिम्पिकच्याही आधी हायडेलबर्गला उरकले गेले. कारण वाचलं आणि मी लॅपटॉप मिटला. ऑलिम्पिक संपताच म्युनिकचं गाव राहत्या घरांमध्ये बदलायचं आधीच ठरलेलं होतं. नंतर अपंग खेळाडूंसाठी ते मोकळं ठेवणं त्या आखणीत बसत नव्हतं. हायडेलबर्गने मग बोलावणं धाडलं.

या खेळांचा जनक लुडविग गुटमन हा मूळचा जर्मन ज्यू डॉक्टर. १९३९ मध्ये नाझींपासून जीव वाचवून इंग्लंडला गेला. १९४८ मध्ये, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात त्याने कण्याला इजा झालेल्या सैनिकांच्या स्पर्धा घेतल्या. ज्या देशाने त्याला हाकललं त्या देशात त्याचे खेळ आले १९७२ मध्ये. ज्या गावाला 'आम्ही आता सगळ्यांचे' असं जगाला सांगायचं होतं, त्या गावात मात्र ते आले नाहीत. आणि पेटकर? त्याआधीच्या, १९६८च्या खेळांत ते टेबल टेनिस खेळले होते. कुठे, तर तेल अवीवला.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या बंगल्यामुळे पेटकरांना जागा मिळाली नाही, असं म्हणणं बरोबर होणार नाही. अडचण मुख्यतः विकायच्या घरांची होती. शिवाय मी राहत होतो तो १९७२चा बंगलाही नव्हता. जुनं काँक्रीट खराब झाल्यामुळे २००७ नंतर ते बंगले पाडून त्याच जागी, त्याच विर्झिंगच्या सहभागाने, नवे बांधले. रुंदी ४.२० मीटरवरून ३.१५ वर आणली आणि ८०० च्या जागी १०५२ बसवले. जुन्यांतले १२ तेवढे नमुना म्हणून राखले. माझ्यासारख्याला खोली मिळाली ती त्या कमी केलेल्या मीटरभर रुंदीमुळे. इंजिनिअर म्हणून मला ते गणित आवडलं होतं. नंतर जिन्याकडे पाहिलं.

बाबांनी माझी एकही खोली पाहिलेली नव्हती. पुण्याच्या कॉलेजात मला चौथ्या मजल्यावर जागा मिळाली आणि लिफ्ट नव्हती. पहिल्या दिवशी आई माझ्याबरोबर वर आली, गादी घातली, दोरी बांधली. बाबा खाली ट्रंकेवर बसून राहिले. सगळं सामान वर गेल्यावर ती ट्रंकही मला हवी होती, तेव्हा ते उठून भिंतीला टेकून उभे राहिले. चार वर्षांत ते तीनदा आले, दर वेळी खाली भेटले आणि "वर हवा चांगली असंल" म्हणाले. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. इमारत तशी होती, एवढंच.

हायडेलबर्गबद्दल बाबांना सांगावं की नाही, हा प्रश्न मला दोन दिवस पडला होता. शेवटी सांगितलं. कारणासकट. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं झालं की. तिकडं बोलावलं त्यांना. न बोलावणाऱ्यांच्यात जाऊन काय करायचं?" मग व्हिडिओवर खोली दाखव म्हणाले. मी खालचा ओटा दाखवला, कुकर दाखवला. फोन घेऊन जिना चढू लागलो तसे ते म्हणाले, "हळू रं, पायऱ्या बघू दे." मी एकेक पायरी दाखवली. त्यांनी मोजल्या.

मार्चमध्ये खोली सोडताना तपासणी झाली, भिंतीवरचे दोन डाग मी पुसले. कुकर पुढे येणाऱ्या मुलासाठी ठेवला. बाहेरचा मासा रंगवून टाकावा का, असा एक विचार होता, पण ठेवला. गाव कुणासाठी तरी बांधलेलं असतं आणि कुणीतरी त्या आखणीतून सुटलेलं असतं. आधी राहून गेलेल्यांच्या खुणा निदान दिसतात. ज्यांना तिथे यायलाच मिळालं नाही, त्यांचा फलक कुठे नसतो. ते कपाटाच्या आतल्या कात्रणात सापडतात.

पुण्यात नोकरी लागल्यावर फ्लॅट बघत होतो तेव्हा एजंटला पहिला प्रश्न भाड्याचा विचारला नाही. लिफ्ट दिवसभर चालू असते का, आणि दारापर्यंत पायऱ्या किती, एवढं विचारलं. सहावा फ्लॅट जमला. बाबा आले, सगळ्या खोल्यांतून फिरले, न्हाणीघराचा उंबरठा कुबडीने ठोकून पाहिला. मग गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "चहा टाक. आणि ती खिडकी उघड, भिंतीला ओल धरंल."

खिडकीचं मीच त्यांना फोनवर सांगितलं होतं. म्युनिकहून.